आग्रहाचं तेल

दामोदर मुजुमदारने नीराबेनच्या डिझेल इंजिनाला तेल वाढलं. ओतलं म्हणणं बरोबर नाही; वाढलंच. आजोबा संस्थानच्या मुदपाकखान्याचे कारभारी, त्यामुळे आग्रह रक्तातच. त्यात लेकीचं लग्न. दुपारच्या पंगतीत श्रीखंडाला नको म्हणणाऱ्या प्रत्येकाचं पान त्याने स्वतःच्या हाताने भरलं होतं. संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या लग्नाच्या वाडीच्या मागच्या अंगणात तो आला, तर इंजिन एकटंच उभं. तेल मोजायची पट्टी त्याने सहज उपसून पाहिली. तेल खुणेपाशी थांबलेलं, वरची सगळी पट्टी कोरडी. आपल्या मांडवात कोणी अर्धपोटी राहावं, हे त्याच्या जिवाला लागलं. शेजारीच तेलाचा डबा होता. तो त्याने पुरता उपडा केला आणि पीतांबराला हात पुसत समाधानाने व्याह्यांकडे गेला.

नीराबेन त्या वेळी आत नवऱ्या मुलीला, निरुपमाला, मुंडावळ्या बांधत होत्या. ती त्यांची विद्यार्थिनी. मुलींच्या शाळेत त्या पदार्थविज्ञान शिकवायच्या. तिथल्या गुजराती पोरींनी त्यांना ‘बेन’ केलं आणि मग मराठी घरांतूनही ‘बाई’ मागे पडून बेनच उरलं. निवृत्तीनंतर बरोबरीच्या बायका भजनाला लागल्या. नीराबेन डभोईला गेल्या आणि एका पटेलाने विहिरीवर विजेची मोटर बसवल्यावर अडगळीत टाकलेलं इंजिन टेंपोत घालून घेऊन आल्या. घरच्या अंगणात ते पहिल्यांदा धडधडलं तेव्हा गल्लीला वाटलं, बेननी गिरणी काढली. बायका गव्हाचे डबे घेऊन दारात उभ्या. “बेन, दळी आपशो?” बेननी दळून दिलं नाही, पण सगळ्यांना बसवून घेऊन इंजिन समजावलं. त्यातल्या काही जणी नंतर लांबच्या रस्त्याने बाजारात जाऊ लागल्या.

पुढे इंजिनाला डायनॅमो जोडून त्या बडोद्यातल्या मराठी लग्नांना उजेड पुरवू लागल्या. वीज तेव्हा पाहुण्यासारखी यायची आणि जायची. पदर खोचून, खुर्ची टाकून बेन इंजिनाशेजारी बसत, आणि कोणी जरा रेंगाळला की त्यांचा तास सुरू. पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली धावतो. खाली दांड्याच्या टोकाला एक पळी असते. ती फेरीगणिक तेलात बुडते आणि सिलिंडरच्या भिंतींवर तेल उडवते. पिस्टनच्या कड्या जादा तेल निपटून खाली लोटतात, पातळ थर तेवढा मागे ठेवतात. आणि थंड करायला पाणी असतं की, असं कोणी म्हणालाच तर बेन खूश होत. पाणी फिरतं सिलिंडरच्या बाहेरून. पिस्टनच्या डोक्यावर आग पेटलेली, त्याच्या पोटाशी पोचतं ते फक्त तेल. तिथली उष्णता उचलून तेच खाली आणतं. मोठ्या इंजिनांत तर पिस्टनच्या पोटावर तेलाची खास पिचकारी सोडलेली असते, हे सांगताना त्यांचा चेहरा इतर बायकांचा नातवंडांबद्दल बोलताना होतो तसा व्हायचा.

दामोदरने हे सगळं अनेक लग्नांत ऐकलं होतं. ऐकताना त्याचं लक्ष जिलबीच्या कढईकडे असे.

गोरज मुहूर्तावर अंतरपाट धरला आणि वीज गेली. दामोदर मनातून खूशच झाला. ‘तुमच्याकडे दिवे टिकतात ना?’ असं पुण्याच्या व्याह्यांनी सकाळपासून घोकलं होतं. बेननी हँडल फिरवलं, इंजिन धडधडलं, मांडव झगमगला. दामोदरने व्याह्यांकडे असं पाहिलं, जणू विजेचा शोध मुजुमदारांच्या घरातच लागला.

दुसरं मंगलाष्टक चालू असताना मांडवात निळा धूर शिरला. भटजींना खोकला आला, व्याह्यांनी उपरणं नाकाला लावलं. दामोदर मागे धावला, तर बेन रिकाम्या डब्याकडे पाहत उभ्या. हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. दामोदरने जरा अभिमानानेच सांगितलं की मीच, पोटभर घातलंय.

बेननी वर्गातल्या आवाजात निदान केलं. पळी आता तेलात नुसती बुडत नाही, तेल घुसळते आहे. त्याचा फेस झालाय, कड्यांना निपटून होत नाही, ते वर चढून जळतंय. फेस काही पिस्टनची उष्णता उचलत नाही. आणखी थोडा वेळ चाललं तर पिस्टन सिलिंडरला चिकटेल. तेव्हा बंद.

दामोदरने हात जोडले. “नीराबेन, अक्षता पडेपर्यंत चालू राहू दे. व्याही बघतायत.”

“बघू देत. दिसतंय तोवर.”

आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

भटजी तोंडपाठ म्हणत होते म्हणून बरं. मंगलाष्टकं चालू राहिली. ‘सावधान’ झालं तशा अक्षता चहूदिशांना गेल्या, त्यातल्या बऱ्याच व्याह्यांच्या दिशेने. हार चाचपडत घालावे लागले. एक भटजींच्या गळ्यात गेला आणि तिथून परत आला. काळोखात कोणी तरी खुदकन हसलं, मग दुसरं. दामोदरने आवाज ओळखला; लेक हसत होती, आणि तिच्याबरोबर हसणारा तो बहुधा जावई.

बेननी टॉर्चच्या उजेडात जादा तेल खालून काढलं, पट्टी पाहिली, पुन्हा हँडल मारलं. दिवे लागले तेव्हा व्याही कानातून तांदूळ काढत होते आणि हार योग्य गळ्यांत होते.

दामोदर तरीही फुरंगटून मागच्या अंगणात गेला. बेन हात पुसत होत्या.

“नीराबेन, एकुलती एक लेक माझी. तिचं लग्न अंधारात लावायला लावलंत.”

“जावई मिळाला ना? या मापाचा पिस्टन आता कुठे मिळत नाही.”