एका ओळीची नुकसानभरपाई

तक्रार करण्यात माझा हात धरेल असा माणूस आमच्या ऑफिसात नाही. सिल्वासात नोकरीला लागल्यापासून मिक्सर, शेगडी, विजेचं बिल, बसचा कंडक्टर, कोणालाच मी सोडलेलं नाही. "भाऊ, जरा दोन ओळी लिहून द्या ना," म्हणत लोक डोकमर्डीच्या आमच्या खोलीवर येतात आणि मी त्यांना दोन पानं लिहून देतो. हा गुण आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

सासरे गेले ते भर उन्हाळ्यात. पहाटे मेहुण्याचा फोन आला. आमच्या खान्देशात लेक आल्याशिवाय बापाला उचलत नाहीत. तिने तोंडात पाणी घालायचं, मग पुढचं. एवढ्या उन्हात किती थांबणार? पण मेहुणा म्हणाला, "ताई, दुपारच्या गाडीपर्यंत थांबतो. तू ये फक्त."

वापीपर्यंत रिक्षा, वापीहून सुरत, सुरतेहून दुसरी गाडी. ही दुसरी गाडी सासुरवाडीच्या स्टेशनावर थांबते. स्टेशन म्हणजे कापसाच्या शेतात ठेवून दिल्यासारखं एक छप्पर, तिथून गाव पायी गाठता येतं.  दोन स्टेशनं आधीच बायको पिशवी घेऊन दारात जाऊन उभी राहिली.

नाल्यावरचा पूल लागला, म्हणजे आलंच. इथे मी पुढाकार घेतला. पुढाकार हे माझं जुनं दुखणं आहे. मेहुण्याला फोन लावला आणि सांगितलं, "उतरलोच समज. तुम्ही तयारीला लागा."

गाडीने वेग कमी केलाच नाही. फलाट आला, पाटी आली, पाण्याची टाकी आली आणि सगळं मागे गेलं. तिथे उतरणारे आम्ही दोघंच, आणि फलाटावरही कोणी नव्हतं. बायको दारातून मागे वळून बघत राहिली. मी म्हणालो, "पुढे सिग्नलला थांबेल." ती म्हणाली, "गेलं आपलं गाव." साखळी ओढायचं मला सुचलं ते पुढचं स्टेशन आल्यावर. गाडी तेव्हा उभीच होती.

मधल्या वेळात मी मेहुण्याला किती फोन केले असतील. पण माझ्या फोनवर विश्वास ठेवून तो आंघोळीला गेला होता, आणि ओल्या धोतराला मोबाइलचा खिसा नसतो. बायकोने दोन चुलतभावांना लावून पाहिलं. मयताच्या घरी फोन कोण बघतं?

पुढच्या स्टेशनावरून रिक्षा करून आम्ही हायवेच्या बाजूने गावात शिरलो. म्हणजे स्टेशनाच्या नेमक्या उलट्या बाजूने. गावाने गाडीचा आवाज ऐकला होता, वेळेवर गेली हेही ऐकलं होतं. बराच वेळ रस्त्याकडे बघून शेवटी म्हातारी माणसं म्हणाली, उचला आता. तोंडात पाणी चुलतसासूने घातलं. आम्ही पोचलो तेव्हा चितेजवळ जाता येत नव्हतं, एवढी आच होती. बायको पिशवी धरून लांबच उभी राहिली.

सुतकाच्या दिवसांत बसायला आलेल्या बायकांसमोर चुलतसासूने विचारलं, "जावईबापू, उतरलो असा फोन तुमचाच ना?"

"हो, पण गाडी थांबलीच नाही काकू."

"इतक्या वर्षांत ती कधी न थांबता गेली नाही. नेमकी तुमच्यासाठीच गेली? मग एवढा वेळ होते कुठे तुम्ही?"

मी सविस्तर समजावून सांगितलं. मी सविस्तर सांगायला लागलो की लोकांचा उरलासुरला विश्वास उडतो, हे मला ऑफिसातून ठाऊक असायला हवं होतं. मेहुणा मान खाली घालून बसला होता. बहिणीवर त्याचा विश्वास होता, पण भावकीपुढे बोलायचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

परत आल्यावर बायकोने माझ्याकडे आयुष्यातली पहिली तक्रार मागितली. म्हणाली, "अहो, मला रेल्वेकडून एक ओळ लिहून आणून द्या. त्या दिवशी ती गाडी तिथे थांबली नाही, एवढंच. ती मी काकूला वाचून दाखवीन."

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं, सदर गाडीस सदर स्थानकावर थांबा आहे, अधिक माहितीसाठी वेळापत्रक पाहावे. मग मी ग्राहक आयोगात गेलो. तिथे नुकसानभरपाईचा आकडा घालावा लागतो. मी घातला. घालता घालता तो वाढत गेला. मानसिक त्रास, शारीरिक त्रास, सामाजिक अप्रतिष्ठा. रात्री मी बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "ती ओळ आहे ना यात?" मी म्हटलं, "अगं, सगळं प्रकरण त्या ओळीचंच आहे."

पाच-सहा तारखा झाल्या. बायको एका कंपनीत पॅकिंगला जाते, सुट्टी घेतली की खाडा लागतो. म्हणून मी म्हणायचो, तू कशाला येतेस, मी आहे ना. अशाच एका तारखेला रेल्वेचे वकील मला बाहेर बाकावर घेऊन बसले. वापीकडचे गुजराती गृहस्थ, बोलायला गोड. "जुओ साहेब, केस चालली तर वर्षं जातील. तडजोड करू. मी वरून रक्कम मंजूर करून आणतो." रक्कम ऐकून मी तोंड वाकडं केलं. त्यांनी वाढवली. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा वाढल्यावर माझ्या तोंडाचं मलाच कौतुक वाटलं. तडजोडीच्या कागदावर मी वळणदार सही केली आणि पेढे घेऊन घरी आलो.

बायकोने पेढा ताटलीत ठेवला आणि कागद वाचायला घेतला. तिला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. बोट एका जागी थांबलं. रेल्वेने कोणतीही चूक मान्य केलेली नाही, आणि गाडी थांबली किंवा कसे याबाबत अर्जदाराची यापुढे काहीही तक्रार राहणार नाही.

"असं सगळ्याच तडजोडीत लिहितात," मी म्हणालो.

"यावर सही तुम्ही केली?"

"हो, पण अगं, रक्कम तर बघ."

तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि पोळ्या लाटायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांकडे धावलो. म्हटलं, साहेब, पैसे परत घ्या आणि मला एक ओळ द्या. ते हसले नाहीत. "भाई, पैसा तर खात्यातून जाय. लिखाण दिलं तर गाडी चालवणाऱ्याची नोकरी जाय. त्याला पण बायको-पोरं असतील ने?" मी कागद खिशात घातला आणि उठलो. तक्रार न करता परत येण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि ती अशी आली.

वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा पैशाची बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. मीच मेहुण्याला फोनवर ऐटीत सांगितली होती, कागदातल्या मजकुरासकट. मंडप नव्हता, ओसरीवर सतरंजी होती. स्वयंपाक चुलतसासूच्या हातात होता, आणि बायकोला वर्षभरात त्या चुलीजवळ कोणी बोलावलं नव्हतं. ती दाराशी पाहुण्यासारखी बसली होती.

चुलतसासू बाहेर आली. रागावली की ती अहिराणीवर येते. "थांबनी नही, तं पैसा कसाले लिनात?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि चूक त्यांची होती, तर त्यांची काही चूक नाही असं सही करून का दिलं? बापाच्या मातीवर पैसे काढले ना?"

 मी घसा खाकरला. कलमं, पोटकलमं, सगळं तयार होतं. बायकोने मला हातानेच गप्प बसवलं.

"थांबली होती काकू," ती म्हणाली. "आम्ही उतरलो होतो. पण यांना भूक लागली. स्टेशनाबाहेर जेवत बसले. मी किती म्हटलं, चला, चला. उशीर झाला म्हणून मग रिक्षा केली."

स्टेशनाबाहेर खायला शेंगदाणेसुद्धा मिळत नाहीत, हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी तसं म्हणालं नाही. मेहुण्याने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.  मग चुलतसासूने बायकोचा हात धरून तिला उठवलं. "चल आत. बापाचा निवद तू वाढ."

बायको आत गेली. चुलीजवळ तिच्या रडण्याचा आवाज आला आणि त्यात चुलतसासूचाही आवाज मिसळला. वर्षभर आमच्या खोलीत ती एकदाही तशी रडली नव्हती.

पंगतीत मला पहिल्या पाटावर बसवलं. चुलतसासूने भाताचा ढीग वाढला, त्यावर वरण ओतलं. "जेवा जावईबापू, पोटभर. वाटेत परत भूक नको लागायला." ओसरीवर हसू पसरलं. बायको मागून पोळ्या घेऊन आली. माझ्या पानात दोन वाढल्या आणि पुढच्या पानाकडे सरकली. मी मान खाली घालून सगळं संपवलं.