ताईची संक्रांतवेल

ताईची संक्रांतवेल मी चुकीच्या वेळी छाटली. दिवाळीआधी कुंपणाला रंग द्यायचा होता आणि फांद्या मध्ये येत होत्या. ही वेल पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर हिवाळ्यात फुलते. छाटायची ती फुलं झडून गेल्यावर. लग्न होऊन जाताना ताईने हे मला दोनदा बजावलं होतं.

दर संक्रांतीला ती नागपूरहून विचारते, "फुलली का रे?" यंदा म्हणाली, "मला आता धड दिसत नाही. तूच सांग, कशी दिसतेय." मी सांगून टाकलं, फाटक केशरी घोसांनी झाकून गेलंय.

आज सकाळी एका अनोळखी बंगल्यापाशी तशीच लगडलेली वेल दिसली. अंगण झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, "नुसतं बघताय काय? न्या की चार फुलं." माझा हात पुढे झाला नाही. लहानपणी ती लांबट फुलं आम्ही बोटांवर टोप्यांसारखी चढवायचो. ताईची दहाही बोटं केशरी व्हायची. वेलीला पुढचा हिवाळा आहे. ताईच्या डोळ्यांना अजून किती आहेत, कोण जाणे.

तिथूनच फोन लावला.

"बरं झालं केलास," ताई म्हणाली. "दुपारी पडल्या पडल्या मी आपलं फाटक बघत असते. तू सांगितलंस ना, तसं."

"ताई, फाटक बोडकं आहे. वेल मीच छाटली. आणि तुला दिसत नाही म्हणून खोटं बोललो. मला माफ कर."