पाच ते सहाचा तास

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शिकलं नव्हतं. संध्याकाळी मी ओसरीवर मोठ्याने वाचायचे आणि आई आत भाकरी थापत ऐकायची. आवाज थांबला की विचारायची, "झोपलीस का गं?" माझा अभ्यास चालू आहे हे तिला आवाजावरूनच कळायचं. शाळेतही सगळा वर्ग एका सुरात वाचायचा. शब्द ओठांवरून गेल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, ही सवय घेऊनच मी पदवीधर झाले आणि स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आले.

कसब्यातल्या अभ्यासिकेत मात्र कडक शांतता. दुपारी उन्हाचे पट्टे टेबलांवरून सरकत, आणि तांबट आळीतले हातोड्यांचे ठोके पाण्याखालून आल्यासारखे लांबून येत. त्या लयीत मी कधी पुटपुटू लागे, मलाच कळत नसे. भोवतालच्या माना वर झाल्या की जागी होई.

शेवटी तक्रार झाली. माझ्या खोलीवर इतक्या मुली राहत की पुस्तक उघडायला जागा नव्हती. अभ्यासिका सुटली असती तर मला गावी परतावं लागलं असतं.

अभ्यासिका चालवणारे काका निवृत्त कारकून. दर महिन्याला ते सभासदांची बैठक घेत. कुणाला काढायचं तर सगळ्यांचं एकमत हवं, असा तिथला जुना नियम होता. मला काढण्यासाठी हात वर झाले. दोन झाले नाहीत. एक, मुलाला शाळेत सोडून अभ्यासाला येणाऱ्या ताईंचा. दुसरा, जवळच्या अत्तरवाल्यांच्या मुलीचा. ती बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. दोघींशी माझी ओळख पाण्याच्या माठापाशी हसण्यापुरती.

"अहो काका, बाहेर तांब्यावर हातोडे पडतात ते चालतात," ताई म्हणाल्या, "आणि हिचे ओठ हलले की अभ्यास मोडतो?"

"हातोडे आपले सभासद नाहीत," काका म्हणाले. सगळे हसले.

"मोठ्याने वाचायला एक तास ठेवा," अत्तरवाल्यांची मुलगी म्हणाली. "एवढंच म्हणणं आहे."

पुढच्या बैठकीत त्या दोघी तेच म्हणाल्या. त्याच्या पुढच्याही. चिडल्या नाहीत, माझ्या गरिबीचं नाव काढलं नाही, वाक्यही बदललं नाही. माझ्या विरोधात सर्वांत जास्त बोलणारा एक इंजिनिअर मुलगा वैतागून म्हणाला, "तीच रील किती वेळा?"

"तुम्ही पूर्ण बघेपर्यंत," अत्तरवाल्यांची मुलगी म्हणाली.

नंतर एका दुपारी मी पाणी प्यायला उठले, तर तो मुलगा जिन्यातल्या खिडकीशी उभा. ओठ हलत होते. त्याची मुलाखत जवळ आली होती आणि कागदावर नीट उतरणारी उत्तरं तोंडातून येत नव्हती. मला पाहून म्हणाला, "काही नाही, जरा चेक करत होतो." मी मान हलवली आणि निघाले. मग गच्चीवरही कुणी पुटपुटताना दिसू लागलं. मला काढायला हात वर करणारेच होते ते. खोलीत परतले की पुन्हा गप्प.

त्या महिन्याच्या बैठकीत तोच मुलगा उभा राहिला. "पाच ते सहा सगळ्यांनीच मोठ्याने वाचावं. मुलाखतीसाठी गरजच आहे. माझ्या कधीपासून डोक्यात होतं."

ताईंनी अत्तरवाल्यांच्या मुलीकडे पाहिलं. दोघींनी फक्त हात वर केले. या वेळी खाली एकही हात राहिला नाही, आणि मला काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

तो तास अजून कानात आहे. कुणाचा इतिहास, कुणाची कलमं, कुणाचं गणित एकमेकांत मिसळून एकच गुणगुण व्हायची, आणि तिच्यात माझा आवाज कुठे संपतो ते मलाच कळायचं नाही. खोली जागच्या जागी हलके तरंगतेय असं वाटायचं.

मी पास झाले. पुण्यातच नोकरी लागली. परवा पेढे द्यायला गेले, तेव्हा काका एका नव्या मुलीला सांगत होते, "पाच ते सहा मोठ्याने वाचायचं. आपल्याकडे पहिल्यापासून असंच आहे."

"काका, तो तास दोघींनी मागितला होता," मी म्हणाले.

"कोण दोघी?"

मी सांगायला लागले. तेवढ्यात पाच वाजले आणि आतून आवाज सुरू झाला. काका मान डोलवत होते. माझं ऐकून की आतलं, ते कळलं नाही. मी मात्र शेवटपर्यंत सांगितलं.