प्रातिनिधिक शाल

माजिदा मणियार यांच्या नाकाला नाशिकच्या वैद्यकीय वर्तुळात मान आहे. फक्त ते वर्तुळ एका खोलीएवढं आहे. ‘अस्थिसुख’ हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागच्या बाजूला, जंतू वाढवायच्या तबकड्या घेऊन त्या बावीस वर्षं बसल्या आहेत. पेशंटच्या जखमेतला पू तबकडीवर पसरायचा, ती उबेत ठेवायची आणि दुसऱ्या सकाळी झाकण उचलून कोण उगवलंय ते पाहायचं, हे काम. पाहण्याआधी बाईंना वास येतो. एका जंतूला पिकलेल्या द्राक्षांचा वास असतो. पुस्तकात ही मोठी नवलाई म्हणून दिली आहे. नाशिकमध्ये ती सांगायची कोणाला? तबकडीचा वास घेऊ नये, असा कागद भिंतीवर आहे. तो बाईंनीच चिकटवलाय.

माहेर आणि सासर दोन्ही बांगड्यांचं. नवरा अबरार भद्रकालीत दुकान चालवतो. प्रयोगशाळेत हात मनगटापर्यंत मोकळे लागतात, म्हणून रोज सकाळी बाईंच्या डझनभर काचेच्या बांगड्या अ‍ॅप्रनच्या खिळ्याला लटकतात आणि संध्याकाळी परत हातात जातात. अबरारचं म्हणणं, बायको म्हणजे दुकानाची जाहिरात. बाईंचं म्हणणं, जाहिरात सहानंतर दिसेल.

जंतूंबद्दल त्या नातेवाइकांसारखं बोलतात, म्हणजे आपुलकीने आणि त्यांच्या पाठीमागे. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूला त्यांनी ‘घरजावई’ असं नाव ठेवलंय. एकदा शिरला की निघत नाही, आणि कोरड्या कपड्यावर किंवा लोखंडी पलंगावर पाणी-दाणा न घेता महिनोन्महिने बसून राहतो. तबकडीवर जंतू पेरून त्यावर अँटिबायोटिकच्या छोट्या टिकल्या ठेवतात. औषध लागू असेल तर टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. नसेल तर जंतू टिकलीला खेटून उगवतो, पहिल्या पंगतीला बसल्यासारखा. ही न जुमानण्याची विद्या त्याच्या जनुकात लिहिलेली असते आणि ती तो शेजारच्या जंतूलाही देऊन टाकतो, दहावीच्या परीक्षेत चिठ्ठी फिरते तशी. फरक एवढाच, की या केंद्रावर भरारी पथक येत नाही.

दिवाळीनंतर अशी चिठ्ठी ‘अस्थिसुख’मध्ये फिरली. गुडघा बदलून, टाके काढून, हसत घरी गेलेले चार पेशंट दोन महिन्यांत एकेक करून परत आले. गुडघ्यातून पू. चौघांच्या तबकडीवर घरजावई, आणि एकाही टिकलीभोवती रिंगण नाही. मूत्रपिंडाला जड असं एक शेवटचं औषध तेवढं उरलं होतं. बाईंनी ते जंतू मेडिकल कॉलेजला पाठवले. तिथे हॉस्पिटलांतल्या जंतूंच्या जनुकांचा अभ्यास चालू होता. उत्तर आलं: चौघांत एकच जनुक, एनडीएम नावाचं, आणि जंतूचा वाणही एकच. त्या नावात नवी दिल्ली आहे, असं कळल्यावर हॉस्पिटलमध्ये सगळ्यांनी ते जरा आदराने घेतलं.

एकच वाण म्हणजे एकाच ठिकाणाहून आला. कुठून, यावर बैठक बसली. हॉस्पिटलचे मालक डॉ. शेखर म्हणाले, “सिस्टिममध्ये कुठेतरी गॅप आहे.” या वाक्यातली गॅप म्हणजे नेहमी सगळ्यात कमी पगाराचा माणूस असतो. इथे ती सखुबाई निघाली. सखुबाई पेठकडची, ड्रेसिंगच्या खोलीतली मावशी. चौघांची पट्टी तिनेच बदलली होती, आणि एवढा पुरावा बैठकीला पुरला. शनिवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर शनिवार तिचा शेवटचा दिवस. कामाला लागून पंधरा वर्षं झाली होती.

सोमवारी दुपारी ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून.

“माजिदाताई, माझे हात पेरा.”

“काय?”

“तुमच्या त्या बशीत. हात धुऊ धुऊ तळव्यावरच्या रेघा गेल्या माझ्या. जोशाला दाखवायला काय उरलं नाय. तरी म्हणत्यात, जंतू सखूचाच. असंल तर दाखवा. मग मी जाते, भांडणार नाय.”

“आणि नसला तर?”

“तर लय भांडणार.”

बाईंनी हात पेरले. मग ड्रेसिंगची ट्रॉली पेरली, नळ पेरला, पलंगाची कड पेरली, डॉ. शेखर यांचा स्टेथोस्कोपही ते चहाला गेलेले असताना पेरला. बुधवारपर्यंत हिशेब आला. सखुबाईच्या हातावर तुमच्याआमच्या कातडीवर असतात तेवढे गरीब जंतू. स्टेथोस्कोपवर बरीच वस्ती, पण घरजावई नाही. डॉक्टरांना स्टेथोस्कोपचा अहवाल कळवला नाही; गरज पडली तर असावा म्हणून ठेवून दिला.

सखुबाई सुटली, असं मात्र नाही. “आज नाही मिळाला म्हणजे तेव्हा नव्हता असं थोडंच आहे?” असं डॉक्टर म्हणाले, आणि दुर्दैवाने ते शास्त्राला धरून होतं.

मग बाईंनी उलटा प्रश्न काढला. सरकारी योजनेतले पेशंटही याच ऑपरेशन थिएटरमधून जातात. त्यांचीही पट्टी सखुबाईच बदलते. त्यांतला एकही परत आलेला नव्हता. जंतू सखुबाईचा असता तर त्याने योजनेचं कार्ड पाहून सूट दिली नसती. मग या चौघांना असं काय मिळालं जे योजनेवाल्यांना मिळालं नाही? एसी. टीव्ही. बाईंनी दोन्हीचे रिमोट पेरायला उघडले. फक्त शेंगदाण्याची टरफलं निघाली.

बुधवारी घरी जाताना, शालिमारच्या सिग्नलला रिक्षा अडकली असताना, त्यांनी हॉस्पिटलचं फेसबुक पान उघडलं. आणि उत्तर समोर बसलेलं दिसलं, खुर्चीत, हसत, मांडीवर नारळ घेऊन.

‘अस्थिसुख’मध्ये दर शनिवारी साडेबाराला सत्कार होतो. डॉक्टरांच्या पत्नी उज्वला मॅडम व्यवस्थापन पाहतात, त्यांची ही कल्पना. सकाळी टाके काढलेला पेशंट स्वागतकक्षात बसवायचा, शाल पांघरायची, नारळ द्यायचा, फोटो काढायचा. नारळ पेशंट घरी नेतो. शाल प्रातिनिधिक. म्हणजे फोटो झाला की ती काढून, घडी घालून, कपाटात जाते आणि पुढच्या शनिवारी पुढच्याच्या खांद्यावर येते. शिवाय गुडघ्यावरची पट्टी फोटोत बरी दिसत नाही, म्हणून मॅडम ती सोडवून शालीचा पदर गुडघ्यावर छान पसरतात. योजनेतल्या पेशंटचा सत्कार होत नाही. ते मागच्या दाराने जातात, तिथे रिक्षा लवकर मिळते.

चार फोटो, चार गुडघे, एक शाल. डाळिंबी, जरीची. बाईंनी आणखी मागे जाऊन पाहिलं. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी त्याच शालीत वणीचे खंडेराव बसले होते. तीन हॉस्पिटलं फिरून, मोडलेल्या पायात पू घेऊन इथे आलेले आणि इथे बरे झालेले; हॉस्पिटलचा सगळ्यात अभिमानाचा फोटो, दोनशे बारा लाइक. त्यांचा जंतू बाईंच्या फ्रीजरमध्ये अजून गोठलेला होता. बाई काही टाकत नाहीत.

गुरुवारी सकाळी त्या उज्वला मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या.

“मॅडम, शालीला घडीच्या रेषा पडल्यात. फोटोत दिसतात. इस्त्री करून देऊ?”

“माजिदाताई, किती लक्ष असतं हो तुमचं!” मॅडमनी कपाट उघडलं.

शाल इस्त्रीला गेली नाही. ओल्या बोळ्याने पुसून ती तबकडीवर गेली. शुक्रवारी झाकण उचललं तेव्हा घरजावई पाय पसरून बसलेला होता. बाईंनी टिकल्या ठेवल्या. सखुबाई चार वेळा येऊन दारातून डोकावली.

“उगवलं का?”

“उगवलंय. उद्या सकाळी रिंगण पाहायचं.”

“रिंगण पडायला पायजे का नको?”

“तुमच्यासाठी नको.”

“आणि पेशंटसाठी?”

“त्यांच्यासाठी पाहिजे.”

“अवघडच हाय,” म्हणून सखुबाई गेली.

शनिवारी सकाळी रिंगण नव्हतं. एकाही टिकलीला.

साडेबाराला स्वागतकक्षात गेणूभाऊ बसले होते. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त. एकतीस वर्षं विमानांना रिव्हेट मारले, पण विमानात एकदाच बसले, तेही उभ्या विमानात. आयुष्यात कुणी हार घातला नव्हता. आज केस विंचरलेले, नवा सदरा, मांडीवर नारळ. शेजारी बायको चतुराबाई पिशव्या सांभाळत उभी. फोन काढून सगळे तयार, आणि शाल नाही. तेवढ्यात माजिदाबाई आल्या. डाव्या हातात तबकडी, उजव्या हातात पिवळी पिशवी. हॉस्पिटलात पिवळी पिशवी जंतूंच्या कचऱ्याची असते, हे डॉक्टरांना माहीत होतं. पिशवीतून डाळिंबी काठ दिसत होता, हे मॅडमना दिसलं.

“ही शाल आहे, सर,” बाईंनी तबकडी पुढे केली. “आणि हा त्या चौघांचा जंतू. शालीवरून उगवला.”

डॉक्टरांनी तबकडी उजेडात धरली. ते कसे का असेनात, तबकडी वाचता येते त्यांना.

“उज्वला, ही धुतली कधी होती?”

“जरीची आहे ती. धुतली की जर काळी पडते.”

“म्हणजे केव्हा?”

“या स्वागतकक्षाच्या उद्घाटनाला आणली होती ना,” मॅडमचा आवाज बारीक झाला. “तुझ्या बाबांना पहिल्यांदा घातली.”

अकरा वर्षं झाली होती. बाबा सुखरूप आहेत. त्यांच्या गुडघ्याला टाके नव्हते.

“सर, योजनेवाल्यांचा सत्कार होत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून ते बरे आहेत. आणि पट्ट्या सगळ्यांच्या सखुबाईच करतात.”

सखुबाई खांबाआड उभी होती. लय भांडणार म्हणाली होती. पण तोंडाला पदर लावून तिथेच राहिली.

या सगळ्यात गेणूभाऊंना एकच गोष्ट कळली होती. “म्हणजे मला शाल नाही?”

“काका, तिच्यावर जंतू आहेत.”

“अहो डॉक्टर, एवढ्या जणांना घातली, मला घाला. एक फोटो तर काढायचाय. मला काय होतंय!”

डॉक्टर खरंच क्षणभर घुटमळले. शनिवारचा सत्कार अकरा वर्षांत चुकला नव्हता. चतुराबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या.

“गुडघा तुमचा असंल, पण त्याचं हागणं-मुतणं बारा दिवस मी काढलंय. शाल नको. नारळ घ्या आणि चला.”

गेणूभाऊ नारळ घेऊन निघाले. फोटोत ते रागावलेले आहेत.

डॉक्टर वळले. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला अशा वेळी शब्द शोधावे लागतात. त्यांनी शोधले. “सखुबाई, सोमवारी वेळेवर या.”

पंधरा वर्षांत ती एकदाही उशिरा आलेली नव्हती. हीच माफी आहे, हे तिला माजिदाबाईंनी समजावून सांगावं लागलं.

शालीचा जंतू, आणि सोबत फ्रीजरमधला खंडेरावांचा, बाईंनी मेडिकल कॉलेजला पाठवला. अभ्यासाचा फॉर्म पेशंटचा असतो, त्यामुळे शालीच्या फॉर्मवर त्यांनी भरलं: नाव, शाल. वय, अकरा वर्षे. लिंग, स्त्री. आधी घेतलेली अँटिबायोटिक्स, एकही नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तेच जनुक, तोच वाण, खंडेरावांच्यासकट. फॉर्मबद्दल तिकडून विचारणा झाली नाही. चौघांपैकी तिघांचे गुडघे वाचले. चौथ्याचा सांधा काढून परत बसवावा लागला, आणि त्याचा सत्कार झाला नाही, म्हणून तो बरा आहे.

मॅडमना शाल टाकवेना. त्यांनी ती वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायला दिली. बाहेर आली तेव्हा ती मोठ्या रुमालाएवढी होती आणि जर खरंच काळी पडली होती.

डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या सोमवारी सखुबाई साडेसातला येऊन स्वागतकक्षात, घड्याळाखाली, गेणूभाऊंच्या खुर्चीवर बसली. ड्रेसिंगची खोली आठला उघडते. डॉक्टर आठला येतात, असं पाटीवर आहे. ते सव्वानऊला आले. तोवर दोन पट्ट्या पडून राहिल्या, पण ती उठली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि जिना चढून गेले. मग ती उठली आणि हात धुवायला गेली.