लॅपटॉपमधलं लेकाचं नाव

२०२२ साली मी सत्तर वर्षांचा होतो. लेक वारून तीन महिने झाले होते. त्याचा लॅपटॉप नात वापरायची, अन् दुसऱ्या दिवशी कडगंचीला विद्यापीठात तिला सरांना प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. पण लॅपटॉप एकच सांगत होता, प्रोग्रामला लागणाऱ्या हेडर फाइली सापडत न्हाईत. "अप्पा, बाबांच्या नावाचा फोल्डर होता. त्याचं नाव कुणी बदललं?" मी ताठ्यानंच म्हणालो, "मी. भालकीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. माणूस गेल्यावर जमिनीच्या पहाणीवर, उताऱ्यावर, दुसऱ्याचं नाव चढवतो का न्हाई आपण? तसं माझं चढवलं." "जमीन हाय का ही? प्रोग्राम अजून बाबांच्याच नावाच्या पत्त्यावर फाइली शोधायलाय. तिथलं नाव पुसून तुमचं लिहावं लागतंय." "मग लिही की, रडायलीस कामून?" "मी न्हाई पुसणार. तुम्हीच पुसा." तिनं माझं बोट धरून पुसायच्या बटणावर ठेवलं. मी दाबत गेलो, अन् लेकाच्या नावाचं एकेक अक्षर जात राहिलं. तिथं नातीनं माझं नाव लिहिलं, अन् प्रोग्राम चालला. चूक झाली, असं मी म्हणालो न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी नात बसला गेल्यावर मी रिकाम्या घरात लेकाला नावानं हाक मारली.