हे मात्र लिहू नको

खणात एक कोरं, निळं आंतरदेशीय पत्र सापडलं आणि चाळीस वर्षांपूर्वीचा रत्नागिरीतला वॉर्ड आठवला. मी शिकाऊ नर्स होते. हातखंब्याकडची एक बाई माझ्या प्रत्येक प्रश्नाला "काय नाय, बरी हाय" एवढंच म्हणत होती. मोठ्या सिस्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या आणि त्यांनी पर्समधून असंच पत्र काढलं. "मुंबईला घरधन्यांना खुशाली कळवायची ना? सांगा, मी लिहिते." गाय व्याली, भात झोडून झालं, बाई सांगत गेली. मग आवाज उतरला. "कळशी घेऊन चढण चढताना छातीत कळ येते. ह्यां मात्र लिवू नको, बाय." सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही लिहीत. कधीपासून येते?" पत्र खुशालीचंच गेलं. पुढे नोकरीभर माझ्या पर्समध्ये कोरी आंतरदेशीय पत्रं असत. हे त्यातलं शेवटचं.