घरात कोणाला टीबी होता का?

मी बोलण्यात कोणाला हार जाणारी बाई नाही. भाजीवाला असो की वीजबिलाच्या खिडकीवरचा माणूस, माझ्यापुढे कोणाचं फारसं चालत नाही. पण गेल्या महिन्यात नवा रायपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलीला विचारलं, "घर में किसी को टीबी हुआ था?" आणि तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "नहीं, किसी को नहीं." इतक्या झटक्यात, की बाईंनी मान वर न करता लिहूनही टाकलं.

होता. मलाच होता. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. निदान व्हायच्या आधी दोन महिने मी खोकत होते आणि ती माझ्याच कुशीत झोपत होती. मग माझ्या आईला बरं नाही असं सासरी सांगून मुलीला घेऊन माहेरी वर्ध्याला गेले आणि सहा महिने गोळ्या खाल्ल्या. यांना ठाऊक होतं, बाकी कोणाला नाही. पुढे मुलीचं लग्न ठरताना विहीणबाईंनी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन विचारलं होतं, "तुमच्याकडे टीबी, दमा, कोड असलं काही नाही ना?" आमच्या वैदर्भी घरांत हे विचारायची पद्धतच आहे, आणि नाही म्हणायचीही. मी नाही म्हटलं आणि वर आणखी पोहे वाढले.

आता मुलीला सांध्यांचा आजार. सकाळी तिच्याने टूथपेस्टचं झाकण उघडत नाही. वर्षभर स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, आणि आता एक इंजेक्शन द्यायचं होतं. ते प्रतिकारशक्तीला दाबून ठेवतं. त्याने सांधे मोकळे होतात, पण अंगात टीबी झोपलेला असेल तर तो उठू शकतो. म्हणून आधी तपासणी केली. हातावर सुई टोचली, तिसऱ्या दिवशी बघितली, काहीच उठलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. खोटं पचलं, असं मी चक्क मनात म्हणाले, त्याची आज लाज वाटते.

इंजेक्शनच्या दिवशी जावई सिलतऱ्याला कारखान्यात शिफ्टवर होते, म्हणून विहीणबाई सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळता चाळता तोच प्रश्न पुन्हा विचारला. मुलगी वैतागली. "मॅडम, टेस्ट तो साफ है ना, फिर क्यों पूछ रहे हो?"

बाई तरुण होत्या, समजावून सांगायची हौस असलेल्या. म्हणाल्या, स्टेरॉइडमुळे टेस्ट गप्प बसू शकते, म्हणून जुना इतिहास महत्त्वाचा. शरीर आजार विसरत नाही. पेशींमधल्या जीनची अक्षरं तीच राहतात, पण मोठा आजार त्यांच्यावर खुणा करून जातो. कोणतं जीन चटकन उघडायचं आणि कोणतं मिटून ठेवायचं, ते या खुणा ठरवतात. याला एपिजेनेटिक बदल म्हणतात. स्वयंपाकाच्या वहीत मजकूर तोच असतो, पण खूण घातलेलं पान आधी हाती लागतं, तसंच. आजार बरा झाला तरी संरक्षक पेशींवर अशा खुणा बराच काळ राहू शकतात. पेशी जिथे तयार होतात त्या अस्थिमज्जेतही या खुणा राहू शकतात, म्हणून नव्या पेशीही त्या घेऊनच जन्मतात. कोणात किती काळ, हे अजून नीट कळलेलं नाही.

मी ऐकत होते. पंचवीस वर्षं मी समजत होते की त्या गोळ्यांबरोबर तो आजार संपला. आणि इथे ही बाई सांगत होती की माझ्या रक्ताने सगळं लिहून ठेवलंय. मग या पोरीच्या रक्तात काय असेल? तिची सुजलेली बोटं माझ्यामुळे तर नसतील? भीती इतकी दाटली की माझ्या तोंडून निघून गेलं, "आई के निशान बेटी में आते हैं क्या?"

"माणसांत ते सिद्ध झालेलं नाही," बाई हिंदीत म्हणाल्या. "खुणांचं सांगता येत नाही. खोकल्यातून जंतू मात्र जातात." मग त्यांचा पेन थांबला. "क्यों? आपको कुछ हुआ था?"

मी मुलीच्या हातांकडे बघितलं. ट्रेमध्ये इंजेक्शन तयार होतं.

"हव," मी म्हटलं. "टीबी. ये तीन साल की थी. मेरे पास ही सोती थी."

बाईंनी नर्सला ट्रे बाजूला सरकवायला सांगितला. आज इंजेक्शन नाही. आधी छातीचा स्कॅन, टीबीसाठी रक्ताची तपासणी, आणि कदाचित काही महिने गोळ्या. तोवर सांधे दुखतील, इलाज नाही.

मुलगी माझ्याकडे वळली. एरवी माझ्याशी हिंदीत बोलणारी पोट्टी सरळ मराठीत आली. "पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं? आज सुई टोचली असती तं?"

"मले भेव वाटत होतं."

"कोणाचं?"

विहीणबाई आमच्या दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"यायचं," मी त्यांच्याकडे हात करत म्हटलं.